लिलाव जिंकला, पण विक्रेता फिरला : गैरसमज आणि वस्तुस्थिती

देवगाव रंगारीच्या शेतकऱ्याला हर्राशी नवी नाही. कांदा घेऊन लासूर स्टेशन, वैजापूर किंवा कन्नडच्या बाजार समितीत गेलं, की बोली कानावर पडते, व्यापारी समोर असतो. मोबाईलवरच्या लिलावात विक्रेता दिसतच नाही. कर्ज थकलं म्हणून ओढून आणलेला ट्रॅक्टर असो की बँकेनं ताब्यात घेतलेला गाळा, अनामत भरायची, बोली लावायची आणि वाट पाहायची. मग अचानक निरोप येतो, ‘व्यवहार रद्द.’ अशा वेळी कुणी नशिबाला दोष देऊन गप्प बसतो, कुणी भलत्याच दारात भांडत राहतो. दोन्हींच्या मुळाशी काही पक्के गैरसमज आहेत.

गैरसमज : सर्वांत मोठी बोली माझी, म्हणजे वस्तू माझी.

वस्तुस्थिती : वस्तू विक्री कायदा, १९३०चं कलम ६४ सांगतं, की लिलाव पुकारणाऱ्यानं हातोडा मारून किंवा रूढ पद्धतीनं विक्री पूर्ण झाल्याचं जाहीर केलं, की ती पूर्ण होते. तोवर बोली लावणाराही आपली बोली मागे घेऊ शकतो. नागपूर सुधार प्रन्यासच्या भूखंडाच्या लिलावावरून उभ्या राहिलेल्या लक्ष्मीकांत विरुद्ध सत्यवान या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९६मध्ये स्पष्ट केलं, की बोली सर्वोच्च असली तरी ती मंजूर होईपर्यंत हक्क तयार होत नाही.

ऑनलाईन लिलावात हा हातोडा अटींमध्ये दडलेला असतो. घड्याळ शून्यावर येतं, तुमचं नाव सर्वांत वर दिसतं, पण खाली बारीक अक्षरांत ‘विक्रेत्याच्या मंजुरीच्या अधीन’ असं लिहिलेलं असतं. तसं असेल तर सौदा अजून व्हायचा आहे. ई-नाम या शेतमालाच्या ऑनलाईन बाजारावरही जिंकलेला भाव स्वीकारायचा की नाकारायचा, हे शेतकरी ठरवतो. त्या वेळी विक्रेते आपण असतो आणि ही सवलत आपल्याच कामी येते.

गैरसमज : मंजुरी मिळाली तरी जास्त पैसे देणारा भेटला, की विक्रेता मोकळा.

वस्तुस्थिती : मुळीच नाही. युनियन बँकेनं बाफना मोटर्स या कर्जदाराची गहाण मालमत्ता २०२३मध्ये ई-लिलावात काढली. सेलिर एलएलपीची १०५.०५ कोटींची बोली मंजूर झाली. त्यानंतर कर्जदारानं १२९ कोटी देऊ केले, बँक राजी झाली आणि मुंबई उच्च न्यायालयानंही परवानगी दिली. सर्वोच्च न्यायालयानं २१ सप्टेंबर २०२३ला तो आदेश रद्द केला. लिलावाचं पावित्र्य राखलं नाही, तर उद्या विश्वासानं बोली लावायला कोण पुढे येईल, ही त्यामागची काळजी. ती ट्रॅक्टरच्या लिलावालाही तितकीच लागू आहे.

गैरसमज : सही-शिक्क्याचा कागद नाही, मग कोर्टात काय दाखवणार?

वस्तुस्थिती : करार केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गानं झाला म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही, असं माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००चं कलम १०-अ सांगतं. प्रश्न पुराव्याचा असतो. लिलावाच्या अटी, बोलीचा स्क्रीनशॉट, मंजुरीचा ई-मेल, अनामतीची पावती हे सगळं त्याच दिवशी जपून ठेवा. वाद सुरू झाल्यावर साईटवरचं पान दिसेलच असं नाही.

गैरसमज : अनामत परत मिळाली, विषय संपला.

वस्तुस्थिती : अनामत तर तुमचेच पैसे. पक्का झालेला सौदा विक्रेत्यानं मोडला, तर वस्तू विक्री कायद्याच्या कलम ५७ नुसार नुकसानभरपाई मागता येते. समजा, ट्रॅक्टर ४,२०,००० रुपयांना तुमच्या नावे मंजूर झाला, विक्रेत्यानं तो दिला नाही आणि तसाच ट्रॅक्टर त्या वेळी बाजारात ४,८०,०००ला होता. दाव्याचा पाया मग ६०,०००चा फरक. म्हणून त्याच आठवड्यात दोन-तीन ठिकाणचे लेखी दर घेऊन ठेवा. ठरावीक, ओळख पटलेली वस्तूच द्यावी, असाही आदेश कलम ५८ खाली न्यायालय देऊ शकतं, पण तो त्याच्या विवेकाचा भाग आहे. लिलावाच्या अटींत भरपाईला मर्यादा घातली आहे का, हेही आधी पाहा.

गैरसमज : कुठलीही तक्रार ग्राहक आयोगात चालते.

वस्तुस्थिती : दार विक्रेत्यानुसार बदलतं. व्यापारी विक्रेता आणि स्वतःच्या वापरासाठी खरेदी, तर ग्राहक आयोग. पोटापाण्याच्या स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तूही त्यात बसू शकते, फेरविक्रीसाठी घेतलेली बसत नाही. तक्रार आपल्या जिल्ह्यातच, म्हणजे छत्रपती संभाजीनगरला, दोन वर्षांच्या आत करता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर बोला. ई-कॉमर्स साईटच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निवारण द्यावं, असा २०२०चा नियम आहे.

एखाद्यानं स्वतःची जुनी मोटरसायकल विकताना शब्द फिरवला, तर वाट दिवाणी न्यायालयाची. थकीत कर्जाच्या वसुलीसाठी सरफेसी कायद्याखाली होणाऱ्या बँक लिलावाचा वाद कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे जातो. तिथे साधारण ४५ दिवसांची मुदत असते, त्यामुळे बँकेच्या आश्वासनांवर महिने घालवू नका.

गैरसमज : शब्द फिरवला म्हणजे फसवणूक, थेट पोलिसांत जावं.

वस्तुस्थिती : करार मोडणं आणि फसवणूक यांत फरक आहे. फसवण्याचा हेतू सुरुवातीपासून होता, हे दिसावं लागतं. मात्र साईटच खोटी असेल, वस्तूच नसेल किंवा अनामत कुणाच्या खासगी खात्यावर मागितली असेल, तर एक तासही न दवडता सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर कळवा. पैसे पुढे सरकण्याआधी रोखता आले, तरच हाती लागतात.

व्यवहार रद्द झाल्याचं कळताच पहिलं काम एकच : रद्द करण्याचं कारण आणि कोणत्या अटीखाली ते केलं, हे ई-मेलनं विचारा आणि उत्तरासाठी मुदत द्या. फोनवरची बाचाबाची कुठेच टिकत नाही. मंजुरी मिळाली नव्हती, तर अनामत घेऊन पुढच्या लिलावाकडे वळा, त्यात कमीपणा नाही. मंजुरी मिळाली होती, तर ‘जाऊ दे’ म्हणू नका. खरेदीदार हिशेब मागत नाहीत, हे ठाऊक असलेला विक्रेता पुढच्या माणसालाही असंच फिरवतो.