काचेच्या पैशातून उभे राहिलेले चर्च

केंब्रिज शहरात हिल्स रोडच्या कोपऱ्यावर असलेल्या आणि सुमारे ६५ मीटर उंचीच्या शिखरामुळे दुरूनही नजरेत भरणाऱ्या ‘अवर लेडी अँड द इंग्लिश मार्टर्स’ या कॅथलिक चर्चविषयी, ते बाहुल्यांच्या हलत्या डोळ्यांच्या विक्रीतून बांधले गेले, अशी दंतकथा सांगितली जाते. डोळ्यांची गोष्ट खोटी. काच मात्र खरी आहे. विल्यम स्टीफन्स या इंग्रजाने अठराव्या शतकात पोर्तुगालमधील मारिन्या ग्रांद येथे, राजमंत्री पोंबाल यांच्याकडून करमाफी मिळवून, काचकारखाना चालवला आणि त्यातून साठलेली अफाट संपत्ती वारसाहक्काने स्टीफन्स लाइन-स्टीफन्स यांच्याकडे आली. त्यांनी १८३७ मध्ये पोलीन द्युव्हर्ने या पॅरिसच्या बॅले नर्तिकेशी विवाह केला. ‘काचुचा’ या स्पॅनिश नृत्याने तिने लंडन नुकतेच जिंकले होते.

१८६० मध्ये पतीच्या निधनानंतर ही संपत्ती त्या निपुत्रिक विधवेच्या हाती आली आणि तिच्याच देणगीतून हे चर्च उभे राहिले. कॅथलिकांवरील बहुतेक राजकीय निर्बंध १८२९ मध्ये उठले असले, तरी विद्यापीठातील पदांसाठीच्या धार्मिक अटी १८७१ मध्येच रद्द झाल्या, त्यामुळे प्रॉटेस्टंट परंपरेच्या केंब्रिजमध्ये इतके भव्य कॅथलिक मंदिर उभारणे हे धाडसच म्हणावे लागेल. डन आणि हॅन्सम या वास्तुविशारदांनी निओ-गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन टोकदार कमानींचे पुनरुज्जीवन करणाऱ्या, शैलीत रचलेले हे चर्च १८९० मध्ये खुले झाले. धर्मासाठी देहदंड भोगलेले इंग्रज कॅथलिक त्याच्या नावात राहिले, दात्री चार वर्षांनी निवर्तली आणि शहराच्या बोलण्यात बाहुल्यांचे डोळे तेवढे उरले.