मनगटावरचे घड्याळ आणि श्रमाचा हिशेब



निगडीच्या दुर्गा टेकडीवर सकाळी फिरावयास जाणाऱ्या मंडळींपैकी दोघे स्नेही डोळ्यांपुढे आणा. दोघे बरोबर चढतात, बरोबर उतरतात आणि खाली येताच आपापल्या मनगटाकडे पाहतात. एकाचे घड्याळ म्हणते २१० उष्मांक खर्च झाले. दुसऱ्याचे म्हणते ३२०. ज्याचा आकडा मोठा तो निर्धास्तपणे वडापावच्या गाडीकडे वळतो. हा आकडा येतो कोठून, आणि त्याच्या भरवशावर खावे काय, एवढाच आजचा प्रश्न आहे.

प्रथम उष्मांक म्हणजे काय ते पाहू. एक किलोग्रॅम पाणी एक अंश सेल्सिअसने तापवावयास जेवढी उष्णता लागते, तो आहारशास्त्रातला एक उष्मांक. शरीर अन्न जाळून ही उष्णता निर्माण करते. फ्रान्समध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी १७८० च्या दशकात बर्फाने वेढलेल्या पात्रात गिनीपिग ठेवला, किती बर्फ वितळले ते मोजले, आणि श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलनच आहे असे दाखविले. ज्वलनाला प्राणवायू लागतो. म्हणून माणसाने किती प्राणवायू वापरला हे मोजले की त्याचा खर्च कळतो. एक लिटर प्राणवायू म्हणजे सुमारे पाच उष्मांक. प्रयोगशाळेत तोंडावर मुखवटा बांधून हेच मोजतात.

घड्याळाला मात्र आपला श्वास मोजता येत नाही. कारखान्याच्या वीजमीटरला हात न लावता, फाटकाबाहेर उभे राहून, आतल्या यंत्रांच्या आवाजावरून विजेचे बिल सांगावे, तसा त्याचा प्रकार आहे. त्याच्यापाशी मुख्यतः दोन साधने असतात. घड्याळ उलटे करून पाहिलेत तर हिरवे दिवे लुकलुकताना दिसतील. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला मनगटात रक्त वाढते, परत येणारा प्रकाश घटतो, आणि त्या चढउतारावरून ठोके मोजले जातात. दुसरे साधन म्हणजे हाताच्या हालचाली टिपणारा एक अतिसूक्ष्म गतिमापक. त्यावरून पावले मोजतात.

यापुढचे सारे गणित आहे. घड्याळ विकत घेतल्यावर आपण वय, वजन, उंची आणि स्त्री की पुरुष हे भरतो. त्यावरून विश्रांतीतला खर्च सूत्राने काढतात. ढोबळ नियम असा, की स्वस्थ बसलेला माणूस ताशी, वजनाच्या प्रत्येक किलोमागे, एक उष्मांक खर्च करतो. बेताच्या वेगाने चालताना हा खर्च सुमारे साडेतीन पट होतो. म्हणजे ६० किलो वजनाच्या गृहस्थाने तासभर चालून २१० उष्मांक खर्च केले. परंतु त्यांतले ६० तर तो घरी आरामखुर्चीत बसूनही खर्च करणारच होता! चालण्याची खरी कमाई १५० ची. काही घड्याळे एकूण आकडा ठळक दाखवितात, काही केवळ श्रमाचा. आपल्या दोघा स्नेह्यांच्या भांडणाचे एक कारण येथेच असू शकेल.

ही सूत्रे सरासरीची आहेत, आणि त्यांतली पुष्कळशी पाश्चात्त्य माणसांवरून बसविलेली आहेत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या १९९० च्या अहवालात भारतीयांचा विश्रांतीतला खर्च पाश्चात्त्य सूत्रांपेक्षा सुमारे ५ टक्क्यांनी कमी धरला होता.

आता व्यायामाचे प्रकार घेऊ. सपाट रस्त्यावर चालणे वा धावणे यात घड्याळाला सोपे जाते, कारण हात पायांच्या तालावर हलतो आणि नाडीही श्रमाच्या प्रमाणात चढते. टेकडी आली की पावले तेवढीच, श्रम मात्र अधिक. ६० किलोचे शरीर ५० मीटर उंच नेण्याचे काम अवघे सात उष्मांकांचे. पण स्नायू आपल्या खर्चाचा जेमतेम चौथा हिस्सा कामात उतरवितात, म्हणून खर्च अठ्ठावीसच्या आसपास जातो. हवेचा दाब मोजणारे घड्याळ हा चढ ओळखू शकते, दुसरे फक्त नाडीवर विसंबते. सायकलवर मनगट मुठीवर स्थिर, म्हणून तेथेही भार नाडीवरच. वजने उचलताना मूठ घट्ट आवळली जाते, प्रकाशाचे मापन बिघडते. शिवाय श्वास रोखून जोर लावल्याने नाडी चढते, पण त्या मानाने प्राणवायू वापरला जात नाही.

याहून मोठी गफलत कामाच्या जागी होते. चाकण किंवा भोसरीच्या कारखान्यात जड हातगाडी ढकलणाऱ्या कामगाराचे हात दांड्यावर स्थिर असतात. घड्याळाला त्याची पावले नीट दिसत नाहीत. भट्टीजवळ उभ्या असणाऱ्याची नाडी उष्म्याने चढते. घड्याळ ते श्रम समजते. उलट, रक्तदाबाची काही औषधे नाडी मंद ठेवतात. ती घेणाऱ्याचे श्रम कमी दिसतात. तुकोबांच्या पालखीचा मुक्काम आकुर्डीस असतो, तेव्हा एका जागी उभा राहून टाळ वाजविणारा वारकरी घड्याळाच्या लेखी कोसभर चालून गेलेला असू शकतो!

ही चूक किती मोठी असते? २०१७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी मनगटावरच्या सात उपकरणांची ६० माणसांवर परीक्षा घेतली. सातांपैकी सहांची नाडीतली चूक ५ टक्क्यांच्या आत निघाली. उष्मांकांत मात्र सर्वांत चांगल्या उपकरणाची सरासरी चूक २७ टक्के होती, आणि सर्वांत वाईटाची ९३ टक्के. त्यानंतर उपकरणे सुधारली असतील. पण श्वास न मोजता श्वासाचा हिशेब सांगण्याची मूळ अडचण कायम आहे.

मग घड्याळ फेकून द्यावे काय? मुळीच नाही. नाडी ते बऱ्यापैकी सांगते. त्याच टेकडीवर, त्याच वेगाने चढताना महिन्यापूर्वी नाडी १४० होती आणि आज १२५ आहे, तर तब्येत सुधारत आहे असे समजण्यास हरकत नाही. आपली तुलना आपल्याच कालच्या आकड्याशी करावी, शेजाऱ्याच्या घड्याळाशी नव्हे. वजन उतरविणाऱ्याने आठवड्यातून एकदा तराजूवर उभे राहावे. तो अधिक खरे बोलतो. आणि ज्यांना मधुमेह आहे किंवा जे हृदयविकाराची औषधे घेतात, त्यांनी जेवणाचे वा औषधाचे प्रमाण या आकड्यावरून कधीही बदलू नये. ते काम वैद्याचे आहे.

तिन्ही पाळ्यांत राबणाऱ्या आपल्या या गावाला मोजमापाचे महत्त्व सांगावयास नको. येथल्या कोणत्याही कार्यशाळेत माप घेण्यापूर्वी मापाच्या साधनाची चूक किती, हे विचारले जाते. वडापावच्या गाडीकडे वळण्यापूर्वी तोच प्रश्न मनगटावरच्या घड्याळालाही विचारावा, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.