देणगीदाराची बातमी

पहाटे ५.३०. ठाण्याजवळच्या दिवा पूर्वेला टँकर वळायच्या आधी हंडे रांगेत लागलेले असतात. आमच्या पाक्षिकाच्या पहिल्या पानाची बातमी याच रांगेत आहे. इमारत सात मजल्यांची, नळजोडणी नाही आणि घर विकताना ‘महापालिकेचं पाणी दोन महिन्यांत’ असं सांगितलेलं. एका काकूंनी पिशवीतून कागदाची घडी काढून दिली. नोटरी केलेला साठेकरार, नोंदणी नाही. त्यावर मंगळसूत्र मोडून दिलेल्या रकमेचा आकडा आहे.

७.१०, फलाट. जलद लोकल इथे थांबते, पण दारातली गर्दी तशीच. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर लोकलमधून माणसं पडून जीव गेले, तेव्हापासून वाचक रोज फोटो पाठवतात. तीन-चार ठेवून घेतले आणि निघाले.

९ वाजता हिशेब. पाक्षिक न्यासाचं आहे, नफ्याचं नाही. वर्गणी, देणग्या आणि थोड्या जाहिराती यांवर चालतं. देणगीची पावती त्याच दिवशी फाडायची. दोन हजारांवरची रक्कम रोखीने घ्यायची नाही. तशीही त्यावर देणगीची करसवलत मिळत नाही. देणगीदारांची नावं रकमेसह आम्ही अंकात छापतो. आज छपाईआधी यादी बातमीतल्या नावांशी ताडून पाहत होते, तर त्या सात मजली इमारतीचे विकासकच यादीत सापडले. गेल्या दिवाळीत दिलेले दहा हजार.

११ वाजता त्यांचा फोन आला.

“ताई, बातमी थांबवा असं मी म्हणत नाही. छापायच्या आधी एकदा नजर टाकू द्या, एवढंच.”

“तुमची बाजू पूर्ण घेते, दादा. प्रश्न लेखी पाठवते. मजकूर मात्र अंकातच वाचा.”

“आपला गावातला पेपर म्हणून मदत केली होती.”

“ती मदत केल्याचंही बातमीखाली येईल.”

पलीकडून बराच वेळ काही बोलणं नाही. मग, “ठीक आहे, पाठवा प्रश्न.”

आमच्या तरुण वार्ताहराचं म्हणणं पडलं, “ताई, पैसे परत करून टाकू, म्हणजे लिहायला नको.” मला ते पटत नाही. परत केले तरी घेतले होते हे खरंच राहतं, आणि लपवायचं म्हणून परत करणं तर आणखी वाईट. वर्षातून एकदा शेवटच्या पानावर यादी छापून भागत नाही. ज्या बातमीशी पैशाचा संबंध आहे, त्याच बातमीखाली तो वाचकाला दिसला पाहिजे, आणि अक्षरही बातमीएवढंच हवं. अशी नोंद बातमीखाली येणार, एवढंच मी विश्वस्तांना कळवलं. मजकूर त्यांनाही आधी दाखवत नाही. न्यासाच्या ठरावातच तसं लिहून घेतलं आहे.

दुपारी २. प्रभाग समितीत माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा स्टॅम्प लावून. इमारतीला परवानगी होती का, नोटीस कधी बजावली, पुढे काय केलं. शीळ-दिवा पट्ट्यातल्या बेकायदा बांधकामांचा प्रश्न २०२५ मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेला. पाडकामात घर गेलं की हप्ते भरणारा रस्त्यावर येतो, म्हणून ही माहिती घर घेण्याआधी छापून यायला हवी.

४ वाजता चहा आणि वाद. वार्ताहर विचारतो, उपकार घेऊन स्वतंत्र राहता येतं का? बाबासाहेब आंबेडकरांचं ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० ला निघालं, त्यासाठी शाहू महाराजांनी त्यांना अडीच हजार रुपये दिले होते. हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याने ‘मूकनायक’चं तेज कमी झालेलं नाही. उलट २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एकाच नेत्याचं कौतुक शब्दही न बदलता वेगवेगळ्या दैनिकांत बातमी म्हणून आलं. पी. साईनाथ यांनी ते उघड केलं, २०१० मध्ये प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने पेड न्यूजवर अहवाल लिहिला. तिथे पैसे कोणाचे हेच वाचकाला कळू दिलं नव्हतं. पेपरांत येणाऱ्या मालकीच्या निवेदनात मालक कळतो. जाहिरातदार आणि देणगीदार मात्र त्यात नसतात. ते आपणच सांगायचे.

६.३०. सिंधुदुर्गातल्या एका वाचकाचा अमेरिकेतला भाऊ पैसे पाठवतो म्हणतो. तिकडचं नागरिकत्व घेतलंय, म्हणून नाही म्हणावं लागलं; परदेशी देणगीच्या कायद्याने नोंदणीकृत वृत्तपत्राच्या संपादक-मालकांना तो पैसा वर्ज्य आहे. त्याच वाचकाचा दुबईतला पुतण्या भारतीय पासपोर्टवर आहे, त्याची वर्गणी घेतली.

९.१५ ला विकासकांचा खुलासा आला. नळजोडणीचा अर्ज केला आहे, असं ते म्हणतात. अर्जाची प्रत जोडलेली नाही. खुलासा शब्द न बदलता घेतला, प्रत मिळाली नसल्याचं पुढे नोंदवलं. त्याखाली : ‘या विकासकांनी गेल्या दिवाळीत या पाक्षिकाला १०,००० रुपये देणगी दिली आहे.’ जागा पुरेना, म्हणून माझ्या अग्रलेखाच्या चार ओळी काढल्या आणि पान डोंबिवलीच्या छापखान्याला पाठवलं.