ओमाहातला निळा ठिपका

2024 चा उन्हाळा सरता सरता नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात घरांपुढच्या हिरवळीवर पांढऱ्या पाट्या दिसू लागल्या. पाटीवर ना उमेदवाराचे नाव, ना पक्षाचे चिन्ह, ना एखादे अक्षर. मधोमध फक्त एक निळा गोल. नेब्रास्का हे रिपब्लिकन राज्य, म्हणजे निवडणुकीच्या नकाशावर लाल. पण ओमाहाभोवतीचा एक मतदारसंघ मधूनच डेमोक्रॅट होतो, आणि लाल पटावर निळा ठिपका उमटतो. त्या ठिपक्याची किंमत अध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचक मंडळातले एक मत. 538 पैकी एक.

त्या एका मतासाठी सप्टेंबरात साउथ कॅरोलायनाचे सिनेटर लिंडसे ग्रॅहम नेब्रास्काच्या राजधानीत येऊन आमदारांना भेटले. डेमोक्रॅट उमेदवार कमला हॅरिस यांनी पेन्सिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन जिंकून बाकीची अटीतटीची राज्ये गमावली, तर त्यांची बेरीज ओमाहासकट बरोबर 270 होत होती, म्हणजे निसटता विजय. ओमाहा काढून घेतले की 269-269. अशी बरोबरी झाली तर निवड प्रतिनिधिगृहाकडे जाते, आणि तिथे मग प्रत्येक राज्याला एकच मत. 5 लाख 77 हजार वस्तीचे वायोमिंग आणि 3 कोटी 95 लाखांचे कॅलिफोर्निया एका पंक्तीला. नेब्रास्काने फक्त आपला कायदा बदलायचा होता: मतदारसंघवार निर्वाचक देणे बंद, राज्यात पहिला येईल त्याला पाचही. माइक मॅकडॉनेल या आमदाराने नकार दिला. हे गृहस्थ काही महिन्यांपूर्वीच डेमोक्रॅट पक्ष सोडून रिपब्लिकनांत आले होते. निवडणुकीच्या तोंडावर नियम बदलायचे नाहीत, असे त्यांनी सांगितले आणि खेळ तिथेच थांबला.

पराभूत पक्षाचा आक्रोश आणि विजयी पक्षाचे घटनाप्रेम, या दोन्हींपेक्षा हा प्रसंग मला जास्त बोलका वाटतो. अमेरिकेत निर्वाचक मंडळाचा वाद बहुतेकदा ‘बहुमत की संघराज्य’ असा मांडला जातो. देशभरातल्या मतांची सरळ बेरीज करा, असे एक बाजू म्हणते. आमचा देश राज्यांचा संघ आहे, अध्यक्ष राज्यांनी निवडायचा, असे दुसरी म्हणते. पण ज्या नियमामुळे सगळा गोंधळ होतो, तो ‘ज्याची सरशी त्याची सारी’ हा नियम, घटनेत कुठेच नाही. घटना एवढेच म्हणते की प्रत्येक राज्याने आपले निर्वाचक आपल्या विधिमंडळाने ठरवलेल्या रीतीने नेमावेत. मेनने 1972 पासून आणि नेब्रास्काने 1992 पासून दोन निर्वाचक राज्यभराच्या मतावर आणि बाकीचे मतदारसंघवार द्यायचे ठरवले. उरलेल्या 48 राज्यांनी ठरवले नाही. त्यामागे तत्त्वज्ञान फारसे नाही, हिशेब आहे.

तो हिशेब पहिल्यांदा कुठे मांडला गेला हे सांगता येते. 1796 च्या निवडणुकीत थॉमस जेफरसन जॉन अ‍ॅडम्स यांच्याकडून 71 विरुद्ध 68 असे हरले. त्यांच्या स्वतःच्या व्हर्जिनियात निर्वाचक जिल्हावार निवडले जात, आणि त्यांतला एक अ‍ॅडम्सकडे गेला होता. दुसरा नॉर्थ कॅरोलायनातून निसटला होता. दोन माणसे तिकडची इकडे असती तर निकाल उलटला असता. जानेवारी 1800 मध्ये व्हर्जिनियाने जिल्हे रद्द करून सगळे निर्वाचक एकगठ्ठा देण्याचा कायदा केला. ते पाहून मॅसॅच्युसेट्सने अ‍ॅडम्ससाठी मतदारांच्या हातून निवडच काढून घेतली आणि ती विधिमंडळाकडे दिली. मग एकाने दार लावले की शेजाऱ्याने कडी घालायची, असे सुरू झाले. 1836 पर्यंत साउथ कॅरोलायना सोडून सर्वत्र एकगठ्ठा पद्धत रुळली होती. घटनेचे शिल्पकार म्हणवले जाणारे जेम्स मॅडिसन 1823 मध्ये पत्रातून मतदारसंघवार पद्धतीची बाजू मांडत होते, पण तोवर ऐकणारे उरले नव्हते.

मॅडिसन यांची गाठ त्याआधी, अमेरिकेची घटना लिहिणाऱ्या 1787 च्या फिलाडेल्फियातल्या परिषदेतच पडते. अध्यक्ष थेट जनतेने निवडावा, असा आग्रह पेन्सिल्व्हेनियाचे जेम्स विल्सन यांनी धरला होता. व्हर्जिनियाच्या जॉर्ज मेसन यांना ते आंधळ्याकडून रंग पारखून घेण्यासारखे वाटले. मॅडिसन 19 जुलैला बोलले ते जास्त खरे होते. थेट निवडणूक तत्त्वतः उत्तम, पण दक्षिणेची अडचण अशी की तिथे मताधिकार फार थोड्यांना, आणि गुलामांच्या संख्येचा दक्षिणेला काहीच उपयोग होणार नाही. निर्वाचकांच्या संख्येत तो उपयोग करून घेता येत होता. प्रतिनिधिगृहाच्या जागा ठरवताना गुलामांची तीनपंचमांश मोजदाद व्हायची, आणि निर्वाचकांची संख्या त्या जागांवरच बेतलेली. 1790 च्या जनगणनेत व्हर्जिनियात 7 लाख 47 हजार माणसे होती, त्यांतली 2 लाख 92 हजार गुलाम. पेन्सिल्व्हेनियातले स्वतंत्र लोक व्हर्जिनियापेक्षा जेमतेम 25 हजारांनी कमी. तरी व्हर्जिनियाला 21 निर्वाचक, पेन्सिल्व्हेनियाला 15. पहिल्या 36 वर्षांपैकी 32 वर्षे अध्यक्ष व्हर्जिनियाचा होता, याचे सगळे श्रेय या गणिताला देता येणार नाही, पण गणित बाजूलाही ठेवता येणार नाही.

गुलामगिरी गेल्यावर एक विचित्र गोष्ट घडली. आता काळी माणसे पूर्ण मोजली जाऊ लागली, पण दक्षिणेत त्यांना मतदानकेंद्रापर्यंत पोचू दिले जात नव्हते. मोजदाद त्यांची, मत गोऱ्यांचे. निर्वाचकांची संख्या लोकसंख्येवर ठरत असल्याने किती जणांना मत देऊ दिले याने राज्याचे काहीच बिघडत नव्हते. देशभरातल्या मतांची बेरीज असती, तर लोकांना मतदानापासून रोखणाऱ्या राज्याचे वजन आपोआप घटले असते. 1970 साली जे झाले त्याची किल्ली इथे आहे.

1968 मध्ये वर्णभेदवादी जॉर्ज वॉलेस यांनी तिसरा उमेदवार म्हणून 46 निर्वाचक मिळवले. कोणालाच बहुमत नाही आणि वॉलेस सौदा करायला बसलेत, असे होऊ शकले असते, हे पाहून दोन्ही पक्ष हादरले. इंडियानाचे सिनेटर बर्च बाय यांनी थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती पुढे रेटली. सप्टेंबर 1969 मध्ये प्रतिनिधिगृहाने ती 338 विरुद्ध 70 मतांनी मंजूर केली. अध्यक्ष निक्सन यांनीही पाठिंबा दिला. इतके जवळ हा प्रश्न पुन्हा कधी आला नाही. सिनेटमध्ये मात्र घोडे पेंड खाऊ लागले. सॅम एर्विन, जेम्स ईस्टलंड, स्ट्रॉम थर्मंड या दाक्षिणात्यांनी भाषणे लांबवत ठराव अडवला. चर्चा बंद करायला हजर सदस्यांची दोनतृतीयांश मते लागत. 17 सप्टेंबर 1970 ला 54 विरुद्ध 36 मते पडली, म्हणजे सहा कमी. बहुमत थेट निवडणुकीच्या बाजूने होते, आणि ते बहुमतच कमी पडले. एर्विन मंडळींच्या भाषणांत शब्द ‘संघराज्य’ हाच होता.

पण हा शब्द एकट्या थर्मंड यांच्या खाती टाकून मोकळे होणे मला पटत नाही. 1979 मध्ये बाय यांनी पुन्हा प्रयत्न केला आणि 51-48 वर, दोनतृतीयांश न गाठता, दुरुस्ती पडली. तेव्हा विरोधकांत कृष्णवर्णीयांच्या नॅशनल अर्बन लीगचे व्हर्नन जॉर्डनही होते. उत्तरेकडच्या मोठ्या, अटीतटीच्या राज्यांत काळ्या मतदारांचा गठ्ठा पारडे फिरवू शकतो, सरळ बेरजेत ते वजन विरघळेल, हा त्यांचा हिशेब. आपला तो बाब्या हा न्याय सगळ्यांना लागू असतो. ही व्यवस्था लोकशाहीवरचे संकट आहे, असे डोनाल्ड ट्रम्प 2012 मध्ये लिहीत होते. 2016 मध्ये हिलरी क्लिंटन यांच्यापेक्षा सुमारे 29 लाख मते कमी मिळवून जिंकल्यावर त्यांना ती कल्पक वाटू लागली.

छोट्या राज्यांच्या रक्षणाचा युक्तिवाद मात्र मला पोकळ वाटतो. वायोमिंगमध्ये 1 लाख 92 हजार माणसांमागे एक निर्वाचक, कॅलिफोर्नियात 7 लाख 32 हजारांमागे. पण या जास्तीच्या वजनामुळे वायोमिंगकडे प्रचाराला कोणी फिरकते का? 2024 मध्ये उमेदवारांचा वेळ आणि पैसा पेन्सिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, अ‍ॅरिझोना आणि नेव्हाडात गेला, आणि यांतले एक नेव्हाडा सोडले तर छोटे कोणी नाही. मोठ्या राज्यातले मतही वाया जातेच. 2020 मध्ये ट्रम्प यांना सर्वाधिक मते टेक्सासने नव्हे, कॅलिफोर्नियाने दिली, 60 लाखांहून अधिक. त्यांतून निर्वाचक मिळाले शून्य. न्यू जर्सीतल्या मराठी घरात अध्यक्षपदाच्या मोसमात शांतता असते. डेलावेअर नदी ओलांडून पेन्सिल्व्हेनियात गेले की दारावरची बेल थांबत नाही.

संघराज्याचा खरा, वजनदार आक्षेप वेगळाच आहे आणि तो भाषणांत क्वचित येतो. अमेरिकेत आपल्यासारखा निवडणूक आयोगच नाही. वॉशिंग्टनमधला संघीय निवडणूक आयोग प्रचाराच्या पैशावर लक्ष ठेवतो, मतदान घेत नाही. मतदारयादी, मतपत्रिका, टपाली मताची मुदत, फेरमोजणीचा नियम हे सारे राज्याचे आणि त्याखालच्या काउंटीचे. मेन आणि व्हरमाँटमध्ये तुरुंगातला कैदीही मत देतो. काही राज्यांत शिक्षा संपल्यावरही अडचण. 2000 साली फ्लोरिडातल्या 537 मतांवर सारे अडले, तेव्हा फेरमोजणीचे भांडण निदान एका राज्यापुरते राहिले. देशाची एकच बेरीज झाली की पन्नास नियमांनी मोजलेली मते एका टोपलीत पडतील, आणि मग संघराज्याचा गाभाच, म्हणजे निवडणूक घेण्याचा अधिकार, वर सरकेल.

आपल्या घटना समितीत हा प्रश्न नेमका याच वळणावर आला होता. मसुद्यात राज्यांसाठी वेगळे निवडणूक आयोग होते. 15 जून 1949 ला डॉ. आंबेडकरांनी ते बदलून एकच केंद्रीय आयोग मांडला. कारण त्यांनी लपवले नाही: काही प्रांतांत वंशाने, संस्कृतीने किंवा भाषेने वेगळ्या असलेल्या लोकांची नावे याद्यांतून गाळली जात असल्याच्या तक्रारी होत्या. राज्यांची स्वायत्तता थोडी मुडपली, हे त्यांना ठाऊक होते. भारत हा घटकराज्यांच्या करारातून झालेला संघ नव्हे, हे त्यांनी 4 नोव्हेंबर 1948 ला सांगूनच ठेवले होते. अमेरिकेला तसे म्हणण्याची सोय नाही, कारण तिथे तेरा राज्ये आधी होती.

म्हणून सुधारकांनी आता घटनेच्या पुढच्या दाराला हात लावणे सोडले आहे. घटनादुरुस्तीला 38 राज्ये लागतात. तेरांनी नकार दिला की संपले. संगणकशास्त्रज्ञ जॉन कोझा यांनी वेगळी वाट काढली. खरवडून बघायच्या लॉटरी तिकिटाच्या जनकांपैकी हे एक, ही माहिती इथे अस्थानी नाही. राज्यांनी आपसात करार करायचा: आपले निर्वाचक आपल्या राज्यात जिंकणाऱ्याला नव्हे, देशभरात सर्वाधिक मते मिळवणाऱ्याला द्यायचे. सह्या करणाऱ्यांची बेरीज 270 झाली की करार लागू. 2007 मध्ये मेरीलँड पहिले. 2024 पर्यंत 17 राज्ये आणि राजधानीचा जिल्हा मिळून 209. म्हणजे निर्वाचक मंडळ निकामी करण्यासाठी विधिमंडळांचा तोच अधिकार वापरायचा, ज्याच्या जोरावर व्हर्जिनियाने जिल्हे रद्द केले. राज्यांच्या आपसातल्या करारांना काँग्रेसची संमती हवी असे घटना सांगते, आणि हा करार त्यात बसतो की नाही, हे एक दिवस सर्वोच्च न्यायालयापुढे जाईल. सह्या करणारे बहुतेक डेमोक्रॅट राज्यकर्ते आहेत. 2024 मध्ये एकूण मतेही ट्रम्प यांनीच जास्त मिळवली, त्यामुळे करार लागू असता तर कॅलिफोर्नियाला आपले 54 निर्वाचक त्यांना द्यावे लागले असते. त्या रात्री कॅलिफोर्नियाच्या राजधानीत, सॅक्रामेंटोत, काय झाले असते, याची कल्पना करून पाहावी.

ओमाहाचा मतदारसंघ हॅरिस यांनी जिंकला. देशाचा निकाल 312 विरुद्ध 226 लागला, त्या एका मताची गरज कोणालाच पडली नाही. 2025 च्या वसंतात नेब्रास्काच्या एकसदनी विधिमंडळात तो कायदा पुन्हा आला. चर्चा थांबवायला 49 पैकी 33 आमदार हवे होते. तेवढे जमले नाहीत, आणि 2028 साठी ठिपका तूर्त जागेवर आहे.