वाचता न येणारी आईही पुस्तक वाचून दाखवू शकते

आपल्या गटाच्या बैठकीत मुलांच्या पुस्तकांचा विषय निघाला, तेव्हा मागं बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "तुम्ही म्हणताय पोरांना वाचून दाखवा. मला सहीपलीकडं काही येत नाही. नातवाला मी काय वाचून दाखवणार?" बाकीच्या हसल्या, पण त्या हसण्यात तीच अडचण असलेल्या चार-पाच जणी होत्या. आजचं बोलणं त्यांच्यासाठी आधी, मग बाकीच्यांसाठी.

अडचण खरी आहे. 'असर'ची पाहणी दर काही वर्षांनी गावोगावी घरी जाऊन मुलांचं वाचन तपासते. २०२४ च्या पाहणीत देशातल्या खेड्यांमधल्या पाचवीच्या साधारण निम्म्याच मुलांना दुसरीच्या पुस्तकातला मजकूर वाचता आला. पोरं रोज शाळेत जातात, दप्तर भरलेलं असतं, तरी ही गत. याचं एक कारण असं की बऱ्याच घरांत शाळेच्या पुस्तकाशिवाय दुसरं पुस्तकच नसतं. आणि शाळेच्या पुस्तकाला परीक्षा चिकटलेली असते.

तर मावशींच्या प्रश्नाचं उत्तर चित्रांच्या पुस्तकात आहे. चित्रांचं पुस्तक म्हणजे गोष्टीच्या कडेला शोभेची चार चित्रं टाकलेलं पुस्तक नव्हे. चांगल्या चित्रपुस्तकात निम्मी गोष्ट चित्रच सांगतं. ओळीत लिहिलेलं असतं, 'आजी कामात होती', आणि चित्रात दिसतं की आजीच्या मागं मांजर दुधाच्या पातेल्यात तोंड घालतंय. हे बघायला अक्षर लागत नाही. उलट ज्याला अक्षर येत नाही, तो चित्र जास्त नीट बघतो. सरसर वाचणारं माणूस ओळ संपली की पान उलटतं.

मराठीत असं काम माधुरी पुरंदरे यांनी केलंय. लिहितातही त्या आणि चित्रंही त्याच काढतात. त्यांची पुस्तकं पुण्याचं ज्योत्स्ना प्रकाशन काढतं. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. त्यांच्या आई निर्मलाताई पुरंदरे यांनी 'वनस्थळी' ही संस्था काढून खेड्यातल्या बायकांना बालवाडी चालवायला शिकवलं. म्हणजे आपल्यासारख्या बायका त्या घराला परक्या नाहीत. 'राधाचं घर' हा त्यांचा छोट्या पुस्तकांचा संच आहे. राधा नावाची लहान मुलगी आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते. राक्षस नाही, राजकन्या नाही. तरी तीन-चार वर्षांचं पोर ते पुस्तक पुन्हा पुन्हा मागतं, कारण त्यात त्याला आपलंच घर सापडतं. थोड्या मोठ्यांसाठी त्यांचं 'चित्रवाचन' आहे. नावातच सगळं आलं.

आता वाचून दाखवायचं कसं? पोराला मांडीवर नाहीतर शेजारी घ्या. पान उघडा आणि विचारा, "इथं काय चाललंय रं?" त्याला बोलू द्या. मग, "हिनं असं तोंड का केलंय?" "आता पुढं काय होईल?" चूक-बरोबर करू नका. पुस्तकातली भाषा पुण्याची वाटली तर आपल्या बोलीत सांगा. जत तालुक्यात ज्यांच्या घरी कानडी बोलतात त्यांनी कानडीत सांगा, काही बिघडत नाही. घरात चौथी-पाचवीतली पोरगी असेल तर तिनं ओळी वाचायच्या आणि आजीनं चित्र सांगायचं. असं चार दिवस केलं की ती पोरगीही न अडखळता वाचायला लागते, कारण ऐकायला कुणीतरी बसलेलं असतं.

निवडताना एक गोष्ट आम्ही बघतो. शेवटच्या पानावर 'तात्पर्य' छापलेलं असेल तर ते पुस्तक आम्ही खाली ठेवतो. खोटं बोलू नये, मोठ्यांचं ऐकावं, हे आपण दिवसभर सांगतोच की. बाजारात आणि जत्रेत मिळणारी चकचकीत, भडक रंगांची पुस्तकंही बहुतेक अशीच. स्वस्त असतात, पण पोर एकदा बघून टाकून देतं.

स्वतः वाचायला लागलेल्या मुलांसाठी, म्हणजे चौथी ते सातवीच्या, आम्ही पहिलं नाव 'तोत्तोचान'चं घेतो. जपानच्या तेत्सुको कुरोयानागी यांचं हे पुस्तक. मराठीत चेतना सरदेशमुख गोसावी यांनी आणलं आणि नॅशनल बुक ट्रस्टनं काढलं, म्हणून ते परवडतंही. पहिलीतच शाळेतून काढून टाकलेली एक पोर. तिची आई तिला नव्या शाळेत नेते. तिथं रेल्वेच्या जुन्या डब्यांत वर्ग भरतात. पहिल्याच दिवशी मुख्याध्यापक तिचं बोलणं चार तास ऐकून घेतात. चार तास! पोलिओ झालेल्या आपल्या मित्राला तोत्तोचान झाडावर चढवते, तो भाग आम्ही गटात मोठ्यानं वाचला तेव्हा दोघी-तिघींनी पदर डोळ्याला लावला. ज्यांचं पोर शाळेत 'वांड' म्हणून ठरलंय, त्या आयांनी हे स्वतःसाठी वाचावं.

मुलग्यांना, आणि धीट मुलींनाही, भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' द्या. बनेश फेणे हा फुरसुंगीचा, म्हणजे गावाकडचा पोरगा. किडकिडीत अंगाचा, पण पुण्यात शिकायला जाऊन भल्याभल्यांना पकडून देतो. सिनेमा २०१७ ला आला, पण पुस्तकातली मजा वेगळी. एक सांगतो, त्यात मुलींना फारसं काम नाही. म्हणून सोबत ना. धों. ताम्हनकरांची 'चिंगी' ठेवा. भाषा जुनी आहे, पहिली काही पानं मोठ्या माणसानं वाचून दिली की गाडी लागते. आणि आठवीच्या पुढच्यांसाठी प्रकाश नारायण संतांचं 'वनवास'. हे लेखक कराडच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. त्यातला लंपन आजी-आजोबांकडं राहतो. त्याच्या बोलण्यात कानडीचा वास आहे, तो आपल्या सीमेकडच्या लोकांना लगेच ओळखू येतो.

पुस्तकं आणायची कुठून? 'किशोर' मासिक बालभारती १९७१ पासून काढतंय. त्याचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला आहेत. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी चित्रगोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत. पहिली पातळी सगळ्यात सोपी. एकदा उतरवून घेतल्या की रेंज नसली तरी चालतात, आणि छापून घ्यायलाही परवानगी आहे. मोबाईल हातात असतोच, निदान अर्धा तास तो या कामाला लागू दे.

सहलीला महाबळेश्वर-पाचगणीला जाणाऱ्या गटांनी वाटेत भिलारला थांबावं. ४ मे २०१७ पासून हे स्ट्रॉबेरीचं गाव 'पुस्तकांचं गाव' झालंय. लोकांनी आपल्या घरातल्या खोल्या पुस्तकांना दिल्यात. कुणाच्या घरी कविता, कुणाच्या घरी बालसाहित्य. कुणीही जावं, बसावं, वाचावं, पैसे लागत नाहीत. पुस्तक घरी मात्र नेता येत नाही. आपल्या सांगलीकडं पलूस तालुक्यातलं अंकलखोप त्याच योजनेत आलंय. गावच्या वाचनालयातही मुलांची पुस्तकं मागा. मागणी लेखी द्या, खाली दहा जणींच्या सह्या करा.

स्वतःची पेटी करायची तर हिशेब सोपा आहे. वीस जणींनी महिन्याला दहा रुपये बाजूला टाकले तर वर्षाला २४०० होतात. पहिल्या खेपेला जाड कादंबऱ्या घेऊ नका. चित्रांची पुस्तकं जास्त घ्या, मोठ्यांची तीन-चार पुरेत. पुस्तक एका घरी एक आठवडा. वहीत पोराचं नाव पोरानंच लिहायचं.

पुस्तकं फाटतील. एका शाळेत आम्ही पाहिलं, कपाटात कोरी करकरीत पुस्तकं होती आणि कपाटाला कुलूप. का, तर फाटली तर जबाब कोण देणार. आमच्या पेटीत आता चिकटपट्टीचं एक रीळ कायम असतं आणि फाटलेलं पान पोरंच चिकटवतात. वाकडं चिकटवतात, चालतं.

त्या मावशींनी पहिल्या आठवड्यात 'राधाचं घर'मधलं एक पुस्तक नेलं होतं. परत आणलं तेव्हा म्हणाल्या, "नातू म्हणतो, आजी, तू कालच्यापेक्षा आज वेगळी गोष्ट सांगितलीस." मग विचारलं, "दुसरं घेऊ, का हेच ठेवू?" तेच ठेवलं त्यांनी, अजून एक आठवडा.