दक्षिणी चिलखताची प्रतिकृति

जुने कागद व बखरी वाचणाऱ्यास चिलखत, बख्तर, जिरेटोप, दस्ताने हे शब्द वारंवार भेटतात. परंतु या शब्दांमागील वस्तु प्रत्यक्ष कशी घडविलेली असे, ती अंगावर कशी बसे, तिचें ओझें कोठें पडे, याची कल्पना पुष्कळांस नसते. रत्नागिरीस कांहीं इतिहासप्रेमी मंडळींनीं एका पूर्ण चिलखताची प्रतिकृति जुळविण्याचें मनांत आणिलें. त्या निमित्तानें आम्हांस हा विषय मुळापासून तपासावा लागला. त्यांतून जें हातीं आलें तें संग्राहकांच्या उपयोगी पडेल अशा समजुतीनें येथें देत आहों.

प्रथम शब्दांविषयीं. फारसी ‘जिरह’ म्हणजे कड्यांचें विणलेलें जाळें. ‘बख्तर’ म्हणजे त्याच जाळ्यांत पोलादी पत्रे गुंतवून केलेला अंगरखा. ‘चारआईना’ म्हणजे छाती, पाठ व दोन कुशी यांवर पट्ट्यांनीं आवळावयाचे चार पत्रे. हीं नांवें आईन-इ-अकबरींतील शस्त्रागाराच्या यादींत स्वतंत्रपणें दिलेलीं आहेत. तेथेंच ‘जिरह-कुलाह’ हेंहि नांव आहे. आपला जिरेटोप तो हाच, म्हणजे ज्याच्या काठास मान व गाल झांकणारी कड्यांची झालर लोंबते तो लोखंडी टोप. आज मिरवणुकींतून व नाटकांतून ज्या मऊ कापडी शिरोभूषणास जिरेटोप म्हणतात त्यांत जिरह औषधालाहि नसते! चिलखत या शब्दाचें प्रकरण अधिक नाजूक आहे. त्याच यादींत ‘चिहलकद’ नांवाचा एक निराळा पोशाख आहे, व ध्वनिसाम्य पाहतां आपला शब्द त्याच्याच कुळांतला असावा असें आम्हांस वाटतें. तें कसेंहि असो. कागदांत नुसतें ‘चिलखत’ असें आलें म्हणजे तें कड्यांचें, पत्र्यांचें कीं कापूस भरलेलें, हें त्या एका शब्दावरून ठरवूं नये. शिवछत्रपतींनीं करविलेल्या राज्यव्यवहारकोशांत शस्त्रवर्ग म्हणून एक स्वतंत्र वर्गच आहे. संग्राहकानें वस्तूस नांव देण्यापूर्वीं तो वाचलेला बरा.

प्रतिकृति करणाऱ्यापुढें खरा प्रश्न हातोडीचा नसून निवडीचा असतो. बाजारांत ‘शिवकालीन’ म्हणून विकले जाणारे पूर्ण सरंजाम बहुधा तीन-चार ठिकाणच्या वस्तूंची मोट असते: टोप लाहोरकडील, चारआईना एकोणिसाव्या शतकांतील, दस्ताने राजस्थानी, आणि सदरा गेल्या दहा वर्षांतला. शाळांच्या प्रदर्शनांतून तर युरोपांतील पत्र्याचें अखंड कवच मावळ्याच्या अंगावर चढविलेलें आम्हीं पाहिलें आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यासाठीं नमुना घ्यावयाचा तो कोणता? दाभोळ व राजापूर हीं सोळाव्या-सतराव्या शतकांत आदिलशाहीचीं बंदरें. तेव्हां येथील सरदाराच्या अंगीं जें असणें संभवनीय तें विजापुरी घडणीचें, लाहोरी नव्हे. ‘सरदाराच्या’ असें आम्ही बुद्ध्याच म्हणतों. गडावरील व गलबतावरील सामान्य शिपायास इतकें लोखंड परवडण्याजोगें नव्हतें, आणि कोंकणच्या उकाड्यांत तें सोसण्याजोगेंहि नव्हतें.

दक्षिणी घडणीचा सर्वांत भरंवशाचा पुरावा दक्षिणेंत नसून राजस्थानांत आहे, हा एक चमत्कारच म्हणावयाचा. विजापूर इ. स. १६८६ मध्यें पडल्यावर औरंगजेबाच्या फौजेनें अदवानीचा किल्ला घेतला. त्या मोहिमेंत बिकानेरचे महाराज अनूपसिंह होते. तेथील शस्त्रागाराचा मोठा हिस्सा ते आपल्या राज्यांत घेऊन गेले. पुढें त्या वस्तूंवर अदवानीचें नांव व संवत् टिंबाटिंबांनीं देवनागरींत कोरण्यांत आला. यामुळें, इतर ठिकाणच्या बहुतेक चिलखतांस जें भाग्य लाभलें नाहीं तें यांस लाभलें: तीं १६८९ च्या सुमारापूर्वींचीं आणि दक्षिणेंतून आलेलीं आहेत हें त्यांच्याच अंगावर लिहिलेलें आहे. कालनिर्णयाची दुसरी खुंटी म्हणजे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांतील शहाजहानच्या नांवाचें बख्तर. त्यावर हिजरी १०४२, म्हणजे इ. स. १६३२–३३, असें साल आहे. हस्तलिखितांत पाहूं गेल्यास विजापूरचा ‘नुजूम-उल-उलूम’ हा सचित्र ग्रंथ (इ. स. १५७०–७१, सध्यां डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयांत) व पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळांतील ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हीं दोन्ही डोळ्यांखालून घालावींत. दुसऱ्यांत तालिकोटच्या १५६५ च्या लढाईचें चित्रण आहे. मात्र चित्रकार कडी मोजून काढीत नाहीं; चित्रावरून आकार घ्यावा, घडण घेऊं नये.

आतां घडणीकडे वळूं. जिरहेची प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत अडकलेली असते. लोखंडी तार तापवून नरम करावी, सळईवर स्प्रिंगेसारखी गुंडाळावी व एका बाजूनें उभी कापावी. म्हणजे सुट्या कड्या मिळतात. कडीचीं दोन टोंकें एकमेकांवर चढवून चेपावींत, चेपलेल्या भागास टोच्यानें भोंक पाडावें, कडी जाळ्यांत अडकवावी, आणि मग त्या भोंकांत बारीक रिव्हेट घालून ती ठोकून बंद करावी. जुन्या चांगल्या कामांत एक ओळ अशा रिव्हेटबंद कड्यांची व एक ओळ अखंड कड्यांची असते. अखंड कडीस जोड नसल्यामुळें श्रम निम्मे होतात व बळ मात्र उणावत नाहीं. कांहीं दक्षिणी चिलखतांत या अखंड कडीच्या पोटांत आडवी दांडी ठेवलेली आढळते, त्यामुळें ती मधोमध दुभंगलेल्या शून्यासारखी दिसते. शोभेबरोबरच बाणाच्या टोंकास वाट कमी राहावी हाहि हेतु असावा. प्रतिकृतींत ही दांडीची कडी उतरविणें फार कष्टाचें आहे. पण आदिलशाही नमुना करावयाचा व ती गाळावयाची असेल तर निदान तसें स्पष्ट लिहून ठेवावें.

श्रमाचा अंदाज असा. मांडीपर्यंत येणाऱ्या सदऱ्यास २४,००० कड्या धरल्या व त्यांतील निम्म्या अखंड घेतल्या तर १२,००० कड्या रिव्हेटनें बंद कराव्या लागतात. तासास ४० कड्या हा वेग धरला तरी एका माणसाचे ३०० तास केवळ ठोकण्यांत जातात. याच ठिकाणीं करणाऱ्याचा धीर सुटतो व तो टोंकें नुसतीं भिडवून पुढें सरकतो. टोंकें भिडविलेल्या कड्यांचीं चिलखतें हिंदुस्थानांत खरोखर झालीं आहेत. परंतु तीं बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील असून बारीक कड्यांचीं व पुष्कळदां लोखंड, पितळ व तांबें मिळवून नक्षी साधलेलीं असतात. भाल्याच्या नेटापुढें तशी कडी उघडते. म्हणून मोठ्या, भिडविलेल्या, एकजात चकचकीत कड्यांचा सदरा कोणी सतराव्या शतकांतला म्हणून पुढें ठेवला तर भिंग घेऊन आधीं रिव्हेट शोधावी. आणि कडीवर जस्ताचा मुलामा दिसला तर भिंगाचीहि गरज नाहीं, कारण तशी तार एकोणिसाव्या शतकापूर्वीं नव्हती.

जुळणींत चाल संभाळावी लागते. कड्यांचें जाळें एका दिशेनें ओढलें असतां मिटतें, दुसऱ्या दिशेनें ताणलें असतां उघडतें. सदरा असा विणावा कीं तो आडवा सैल पडेल व उभा स्वतःच्या भारानें मिटेल. नाहीं तर श्वास घेतांना छातीवर तटतो. घोडेस्वारासाठीं खालीं चीर ठेवावी. बख्तर करावयाचें असल्यास छातीवर मोठे पत्रे व कुशींस आणि पाठीवर लहान, एकमेकांवर चढणाऱ्या पत्र्यांच्या उभ्या ओळी येतात. पत्र्यांच्या कडांस भोंकें पाडून ते कड्यांनीं जोडतात. हीच रीत किती मोठ्या मापावर चाले हें इंग्लंडांतील लीड्सच्या रॉयल आर्मरीजमधील हत्तीच्या बख्तरावरून दिसतें: त्यास मूळचे ८,४३९ पत्रे होते, त्यांपैकीं ५,८४० उरले आहेत, व उरलेल्याचेंच वजन ११८ किलो भरतें.

टोप, नाकावरील सरकती पट्टी, तुऱ्याच्या नळ्या आणि कोंपरापर्यंतचे बिजागरीचे दस्ताने हें काम कुशल लोहारास नमुना दाखविला कीं साधतें. त्याचा विस्तार करीत नाहीं. परंतु आंतील कापसाचा जाड अंगरखा विसरूं नये. जिरह धार अडविते, आघात अडवीत नाहीं. तो कापूस सोसतो. शिवाय त्याच्यावांचून सदरा घालून पाहिल्यास माप चुकतें, व खांद्यावरचा सर्व भार कड्यांच्या कांचणीनें जाणवतो. कमरेस पट्टा आवळला म्हणजे त्यांतला बराच भार कमरेवर उतरतो.

आतां जी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते ती. चांगली प्रतिकृति वीस-तीस वर्षांत जुनी दिसूं लागते. रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्यांत व ३,००० मिलिमीटरांहून अधिक पावसांत तर दोन पावसाळे पुरतात. करणारा जातो, घर विकलें जातें, वस्तु पेटीसकट दलालाकडे जाते, आणि पुढें कोणी अभ्यासक तिच्यावरून सतराव्या शतकाविषयीं सिद्धांत मांडतो. खोट्या सनदेनें जें नुकसान होतें तेंच हें. फरक इतकाच कीं येथें लबाडी कोणाचीच नसते. म्हणून प्रत्येक स्वतंत्र भागावर, म्हणजे टोपाच्या आंतल्या बाजूस, प्रत्येक मोठ्या पत्र्याच्या पाठीवर व दस्तान्यांच्या आंत, करणाऱ्याची खूण व साल टोच्यानें ठोकावें. कड्यांवर अक्षर बसत नाहीं. तेथें गळ्याच्या मागें एक लहानशी पितळी चकती रिव्हेटनें कायमची अडकवावी. शाई किंवा चिठ्ठी उपयोगाची नाहीं. अदवानीच्या वस्तूंवरील टिंबें आज तीनशें वर्षांनंतरहि वाचतां येतात हें ध्यानांत घ्यावें. सोबतच्या वहींत कोणता भाग कोणत्या मूळ वस्तूवरून घेतला, कोणता चित्रावरून, व कोणता केवळ तर्कानें, हें भागवार नोंदवावें.

जपणुकीसाठीं तेल वापरूं नये. तेल धूळ धरतें व कालांतरानें चिकट होतें. मृगापूर्वीं कोरड्या दिवशीं सर्व भाग किंचित् ऊन करून पातळ मेणाचा हात द्यावा, सदरा खुंटीस न टांगतां पसरून ठेवावा, व दसऱ्यास पेटी उघडून प्रत्येक रिव्हेटभोंवतालचा तांबूसपणा पाहावा.