शब्द छोटा, अर्थ मोठा

मराठीत ‘घरात’, ‘टेबलावर’, ‘शुक्रवारपर्यंत’ असे लिहिताना संबंध दाखविणारा भाग नामाच्या मागे, त्याला जोडून येतो. इंग्रजीत तेच काम नामापूर्वी येणारे छोटे, स्वतंत्र शब्द करतात. दोन्ही भाषांत त्यांची एकास एक जोडी नसते. त्यामुळे मनात मराठी वाक्य रचून इंग्रजी पत्र लिहिणाऱ्याची येथे फसगत होते. बँकेच्या कागदपत्रांत या चुकीची किंमत रुपयांत व दिवसांत मोजावी लागते.

जयपूरच्या जोहरी बाजारातील एखाद्या रत्ननिर्यातदाराचे उदाहरण घेऊ. त्याची कर्जमर्यादा ४० लाख रुपये आहे. वाढीच्या अर्जात त्याने रकमेपूर्वी ‘टू’ लिहिले, तर मर्यादा ५० लाखांपर्यंत वाढवावी असा अर्थ होतो. ‘बाय’ लिहिले, तर ५० लाखांनी, म्हणजे ९० लाखांपर्यंत. एका शब्दाने ४० लाखांचा फरक पडतो.

मुदतीचेही तसेच आहे. ‘बाय फ्रायडे’ म्हणजे काम शुक्रवारी किंवा त्यापूर्वी पूर्ण व्हावे. ‘टिल फ्रायडे’ म्हणजे ते शुक्रवारपर्यंत चालू राहावे. मराठीत दोन्हींना ‘पर्यंत’ चालते, इंग्रजीत नाही.

निर्यात बिलात ‘ॲट साइट’ असेल, तर बिल सादर होताच पैसे देय होतात. ‘नाइन्टी डेज आफ्टर डेट’ असेल, तर ९० दिवस बिलाच्या तारखेनंतर मोजतात. ‘आफ्टर साइट’ असेल, तर सर्वसाधारणपणे खरेदीदाराने बिल स्वीकारल्यानंतर. कागदपत्रे पोहोचण्यास जितके दिवस लागतील, तितके पैसे लांबतात.

असा एक शब्द सर्वोच्च न्यायालयापर्यंतही गेला. धनादेश न वटल्यास ‘कारण उद्भवल्याच्या तारखेपासून एक महिन्यात’ तक्रार करावी, असे १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १४२ सांगते. मूळ इंग्रजीत तारखेपूर्वी ‘फ्रॉम’ नसून ‘ऑफ’ आहे. मग तो पहिला दिवस मोजावा की वगळावा? इकॉन अंत्री विरुद्ध रोम इंडस्ट्रीज या खटल्यात २०१३ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो वगळावा, असा निर्णय दिला. निर्णय उलट झाला असता, तर शेवटच्या दिवशी दाखल झालेल्या तक्रारी एका दिवसाने मुदतबाह्य ठरल्या असत्या.

म्हणून शंका असेल तेथे ‘ऑन ऑर बिफोर’ लिहून पुढे पूर्ण तारीख द्यावी आणि वाढीव रकमेसोबत एकूण रक्कमही लिहावी. सही करण्यापूर्वी प्रत्येक रकमेच्या व तारखेच्या आधीचा छोटा शब्द पुन्हा एकदा वाचावा.